यादीतला बारावा

सामना सुरू झाला की हमीद सर आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे. सहा फूट दोन इंचांचा माणूस प्लास्टिकच्या खुर्चीत असा हात दाबून, पुढे वाकून बसलेला पाहिला की नवख्याला वाटे, यांना थंडी वाजते आहे. नाशिकच्या डिसेंबरात ते खपूनही जायचं, पण सर मार्चच्या उन्हातही तसेच बसत. पहिल्या वर्षी मी धीर करून कारण विचारलं, तर म्हणाले, "हात मोकळे सोडले तर ते खेळायला लागतात, बेटा. मला विचारत नाहीत."

हे काही बोलण्यापुरतं नव्हतं. मी कॉलेजात यायच्या आधीची एक गोष्ट सीनियर मुली दरवर्षी नवं तिखटमीठ लावून सांगत. एका सामन्यात बॉल आमच्या बेंचसमोरून बाहेर चालला होता. सर उठले, एका हाताने तो हवेतच अडवला आणि पाय जमिनीला टेकायच्या आत बास्केटखाली मोकळ्या उभ्या असलेल्या आमच्या मुलीला पास दिला. तिनेही सवयीने बास्केट केली. रेफरी शिट्टी तोंडात धरून नुसता बघत राहिला. मग व्हायचं तेच झालं. बास्केट रद्द, आमच्यावर टेक्निकल फाउल, आणि मुख्य प्रशिक्षक पवार सरांनी कपाळावर हात मारून घेतला. या गोष्टीवरून हमीद सरांना छेडलं की ते मान खाली घालून सगळं ऐकून घेत आणि शेवटी हळूच म्हणत, "पास मात्र बरोबर होता."

सर मूळचे मनमाडचे. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर. रेल्वेच्या मैदानावर सर अनवाणी खेळायला शिकले, जिल्ह्याकडून खेळले, दोन वर्षं राज्याच्या संघातही होते. पुढे सातपूरच्या एका कारखान्याने त्यांना खेळाडू म्हणून नोकरीत घेतलं. कारखान्याला एके दिवशी संघ नकोसा झाला, तेव्हा सर पस्तिशीत होते. आमच्या कॉलेजने त्यांना सहायक प्रशिक्षक म्हणून घेतलं ते तात्पुरतं, आणि ते तात्पुरतं तेवीस वर्षं चाललं. दर जूनमध्ये नेमणुकीचं नवं पत्र यायचं. मुख्य प्रशिक्षक व्हायला शारीरिक शिक्षणाची पदवी लागते, ती सरांकडे नव्हती, पवार सरांकडे होती. पवार सर माणूस वाईट नव्हते, पण त्यांना खेळापेक्षा स्पर्धेचं उद्घाटन जास्त चांगलं जमायचं. सामन्यात उभं राहून ओरडण्याचा मान त्यांचा. पाण्याच्या बाटल्या, पायाच्या पट्ट्या, बर्फ आणि खेळाडूंच्या नावांची यादी, हे हमीद सरांचं खातं. याचं वाईट वाटत नाही का, असं मी एकदा आगाऊपणे विचारलं. "गाडीला मागे गार्ड लागतो ना," ते म्हणाले. "ड्रायव्हरला पुढचा रूळ दिसतो. आख्खी गाडी गार्डलाच दिसते."

मी सिन्नरची. अकरावीपर्यंत कबड्डी खेळलेली, उंचीने बेताची. निवड चाचणीला आलेल्या ताडमाड मुली बघून मी परत निघाले होते. सरांनी हाक मारून थांबवलं आणि माझी उंची नाही, मान बघितली. धावताना मी चारी बाजूंना बघते, असं त्यांचं म्हणणं. बॉल घेऊन पुढे जायचं आणि खेळ मांडायचा ती जागा त्यांनी मला दिली, आणि वर्षभर एकच धडा गिरवून घेतला. "मनमाडला कोणी राहायला येत नाही. सगळे गाडी बदलायला येतात. तू मनमाड हो. बॉल आला, इकडे तिकडे बघितलं, पुढच्या गाडीत बसवला, सुट्टी." एखादीने बॉल उगाच ड्रिबल करत ठेवला की मैदानाच्या कडेने आवाज यायचा, "अरे, स्टेशनात वस्ती करायची नाही!"

त्यांच्या शिकवण्यात रागावणं जवळजवळ नव्हतंच. रमजानच्या महिन्यात ते दिवसभराचा उपास धरून आमच्या मागे बाटल्या घेऊन फिरत, आणि आम्ही संकोचाने पाणी नको म्हटलं की म्हणत, "रोजा माझा आहे. तुझ्या घशाने कशाला धरलाय? पी."

सराव संध्याकाळी पाचला. माझी सिन्नरहून येणारी एसटी नाशिकरोडला अडकायची, द्वारका चौकात अडकायची, आणि मी पोचेपर्यंत साडेपाच वाजायचे. पाच विरुद्ध पाच खेळायला एक मुलगी कमी पडे. म्हणून रोज अर्धा तास माझ्या जागी सर खेळत. मी फाटकातून आत शिरताना धावायचे ते थोडं मुद्दामच हळू, कारण तो अर्धा तास बघण्यासारखा असायचा. पन्नाशीला टेकलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, आणि हात मात्र वीस वर्षांचे. पास कुठे जाणार हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत नसे. मी दिसले की ते बॉल माझ्या हातात ठेवत आणि म्हणत, "घे. जागा गरम ठेवली आहे तुझी." मग घाम पुसत कडेला जाऊन उभे राहत, आणि चेहऱ्यावर असं काही असे की आपण त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं असं मला वाटायचं.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, शेती सांभाळून एमआयडीसीत पाळीने कामाला जायचे. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "युनिव्हर्सिटीच्या टीममधी नाव आलं तर पुढचं बघू. नाय तर परीक्षा झाली की बास. स्थळं येऊ लागल्यात." विद्यापीठाच्या संघाची निवड आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून व्हायची, आणि निवड समिती फक्त अंतिम सामना बघायला येणार होती. त्या वर्षी स्पर्धा आमच्याच कॉलेजात होती. सकाळचा उपांत्य सामना मी पूर्ण वेळ खेळले आणि आम्ही जिंकलो. दुपारच्या अंतिम सामन्यात पहिला क्वार्टर मला विश्रांती द्यायची आणि दुसऱ्याला उतरवायचं, असं पवार सरांनी ठरवलं. मग ते हारतुरे आणि पाहुण्यांच्या खुर्च्या यांच्या मागे लागले.

सामन्याआधी बारा खेळाडूंची यादी टेबलावर द्यावी लागते. हमीद सर ती कधी कागद बघून लिहीत नसत. डोळे मिटून बसत, समोर मैदान आणत आणि त्यातल्या एकेकीचं नाव लिहीत, दुसऱ्या हाताच्या पेरांवर आकडा मोजत. त्या दिवशीही तसंच केलं, बारा पेरं भरली आणि कागद दिला. पवार सरांनी पाहुण्यांशी बोलता बोलता स्कोअरशीटवर सही केली.

दुसऱ्या क्वार्टरला आम्ही सहा गुणांनी मागे होतो. पवार सरांनी मला खूण केली. मी जॅकेट काढलं आणि स्कोअर टेबलापाशी बदली खेळाडूच्या खुर्चीत जाऊन बसले. "सात नंबर," मी म्हटलं. टेबलावरच्या बाईंचं बोट यादीवरून खाली गेलं, पुन्हा वर आलं, पुन्हा खाली गेलं.

"सात नंबर नाहीये यात."

"मनीषा. नाव बघा ना मॅडम."

"नाव पण नाही गं. अकराच नावं आहेत."

सही होऊन सामना सुरू झाला की नवं नाव घालता येत नाही, हा नियम मलाही पाठ होता. हमीद सर टेबलापाशी आले. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. आपण दिलेला कागद हातात घेऊन त्यांनी ती अकरा नावं तीनदा मोजली आणि म्हणाले, "अक्षर माझंच आहे." मी जॅकेट परत घातलं. आम्ही नऊ गुणांनी हरलो. निवड समितीने आमच्या दोन मुली घेतल्या. मला त्यांनी पाहिलंच नव्हतं, तर घेणार कुठून?

पवार सरांचं म्हणणं पडलं की मनीषाचा पाय मुरगळला होता असं सगळ्यांना सांगावं, म्हणजे कॉलेजची अब्रू राहील. हमीद सर म्हणाले, "पाय तिचा चांगला आहे, सर. डोकं माझं चुकलं." त्यांनी सगळ्या संघासमोर तेच सांगितलं, निवड समितीच्या खोलीत जाऊनही तेच सांगितलं, आणि परत येऊन मला म्हणाले, "नाही म्हणतात." मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. मला त्यांचा राग आला होता. त्यांनी मान खाली घातली होती त्याचासुद्धा राग आला, कारण त्या खाली घातलेल्या मानेला मला काही बोलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी सरावाला जायची बंद झाले.

आठ दिवसांनी सर एसटीने सिन्नरला आमच्या घरी आले. नाना ओसरीवर होते. आईने भेळभत्ता आणि चहा पुढे केला. सरांनी चहा घेतला नाही.

"नाना, चूक झाली ते मनीषाने सांगितलंच असेल. ती कशी झाली ते मला कळत नव्हतं. म्हणून घरी बसून मी यादी पुन्हा लिहिली. डोळे मिटून, नेहमीसारखी. बोटांवर बारा, कागदावर अकरा. पुन्हा लिहिली, पुन्हा तेच. मग सापडलं. मी डोळ्यांपुढे मैदान आणतो ना, त्यात हिच्या जागेवर मीच उभा आहे. ही उशिरा यायची, मी उभा राहायचो. बारावा म्हणून मी स्वतःला मोजलं."

नाना भिंतीचा टेका सोडून पुढे सरकले.

"म्हंजी पोरीच्या जागी तुमीच खेळत व्हता?"

"हो."

"तुमचं खेळणं सुटून किती वर्सं झाली?"

"पंधरा-सोळा."

"सुटलं नाय मंग." नानांनी भत्त्याची ताटली त्यांच्याकडे सरकवली. "आमच्या थोरल्या चुलत्यानं पोरांना शेत वाटून दिलं. पन रोज सकाळी गडी बांधावर उभा. हे असं पेर, ते तसं कर. पोरांना काय सुधरंना. दिलं तर तिथनं उठावं का नाय?"

सरांनी ताटलीतला एक दाणा उचलला, पुन्हा ठेवला.

"तुमी खोटं बोलला नाय, हे लय झालं. मी पोरीला आनखी एक वरीस देतो. एम. ए. ला नाव घालू द्या तिचं. पन सर, तुमी तिथनं उठा."

"उठतो," सर म्हणाले, आणि मग चहा प्यायले.

मला वाटलं, ही नानांची बोलायची तऱ्हा. सरांनी ते वचन म्हणून घेतलं. जूनमध्ये मी मैदानावर परतले तेव्हा साडेपाचच झाले होते, आणि एका बाजूला चारच मुली खेळत होत्या. सर कडेला उभे. मी विचारल्यावर म्हणाले, "जागा रिकामी राहू दे. मला ती रिकामी दिसायला हवी." यादीही ते आता स्वतः लिहीत नसत. कागद आमच्यात फिरे आणि प्रत्येकीने आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं. पण खरी गोष्ट माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस गेले. सर बॉलला हातच लावत नव्हते. घरंगळत आला तर बुटाने थांबवत आणि कोणीतरी उचलून नेईपर्यंत वाट बघत. नेम कसा धरायचा हे दाखवायचं असेल तर रिकाम्या हातांनी दाखवत. अंगावर आला तर बाजूला होत.

त्या वर्षी त्यांनी मला जे शिकवलं ते आधीच्या तीन वर्षांत शिकवलं नव्हतं. करून दाखवता येत नाही म्हटल्यावर त्यांना सांगावं लागे, आणि सांगण्यासाठी शब्द शोधावे लागत. बोलता बोलता ते अडत, मनगट हवेत वळवत, "असं... नाही, असं नाही, थांब," म्हणत. पुढच्या स्पर्धेत निवड समितीने मला पाहिलं आणि विद्यापीठाच्या संघात घेतलं. सूचनाफलकावरची बारा नावं सरांनी बोटाने दोनदा मोजली, "हां, आता बरोबर," म्हणाले आणि बर्फाची पेटी उचलून निघून गेले.

माझा राग त्याच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या सुमारासच गेला होता. हे मी सरांना सांगितलं नाही. त्यांना ते कळलं असेल असं धरून चालले. आपल्याकडे मोठ्या माणसाला "जा, माफ केलं" असं म्हणायची रीत नाही, आणि मी कोण त्यांना म्हणणार, असंही वाटायचं. नंतर नंतर त्यांचं बॉलला हात न लावणं इतकं अंगवळणी पडलं की तो त्यांचा स्वभावच वाटू लागला. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, हमीद सर स्वतः कधी खेळलेत का हो?" मी "हो, खेळायचे" एवढंच म्हटलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. मैदानातल्या नव्या मुलींपैकी एकीनेही त्यांचा पास पाहिला नव्हता.

त्या विद्यापीठाच्या खेळण्यावर मला पुढे नाशिकमध्येच एका शाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी लागली. लग्न झालं ते माझ्या पसंतीने. नाना लोकांना सांगत, "एक वरीस दिलं मी तिला, एक वरीस." जे मला मिळालं ते त्या एका वर्षातून मिळालं, आणि ते वर्ष सरांनी आमच्या ओसरीवर येऊन, खरं सांगून मिळवलं होतं.

निवृत्तीनंतर सर एकदा माझ्या शाळेत आले. माझ्या मुली खेळत होत्या, ते झाडाखाली बाकावर बसले होते. एक पास चुकला आणि बॉल टप्पा घेऊन सरळ त्यांच्या छातीशी आला. त्यांनी पोलिसांसमोर करतात तसे दोन्ही हात वर केले. बॉल मांडीवरून घरंगळत खाली गेला. मुली खो खो हसल्या, सरही हसले. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, सर, घ्या ना, टाका एकदा. पण मुलींसमोर त्यांना अवघड होईल असं वाटलं. मग शाळेची घंटा झाली. सर परत येतीलच की, असंही वाटलं.

ते गेल्या थंडीत गेले. सकाळी फिरायला निघताना दारातच छातीत कळ आली. मला कळलं तोवर मंडळी कब्रस्तानातून परतलीही होती. दुसऱ्या दिवशी मी नाशिकरोडला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीला मी एक-दोनदाच भेटले होते, पण त्यांनी मला ओळखलं.

"मनीषा ना तू? सिन्नरवाली. तेरा नाम लेते थे." मला जवळ बसवून त्या थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "एक बात बता, बेटा. शादीपासून बघितलं मी, हा माणूस घरात पण गप बसत नव्हता. भाजी निवडायला घेतली तर कांदा, बटाटा, जे हातात येईल ते फेकायचे माझ्याकडे, पकड म्हणायचे. फिर एक दिन सब छोड दिया. कोपऱ्यात बॉल होता तो पण कोणाला देऊन टाकला. मैंने पूछा तो बोले, घुटना दुखता है. खरंच गुडघा होता का गं?"

हो, गुडघाच, असं म्हणून सुटता आलं असतं. मी नाही म्हटलं. चुकलेली यादी, सर आमच्या ओसरीवर आले ते, नाना काय म्हणाले आणि सर काय म्हणाले, सगळं सांगितलं. त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"और तेरा सिलेक्शन? वो हुआ ना?"

"झालं, चाची. पुढच्याच वर्षी."

"अगले साल ही हो गया?"

"हो."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तो फिर तूने बोलना था ना, बेटा. एक बार बोलना था, सर, बस हो गया."

मी म्हणायला हवं होतं. नानांनी उठायला सांगितलं होतं ते माझ्यासाठी, आणि परत या म्हणायचा हक्क माझ्याशिवाय कोणालाच नव्हता. ते एक वाक्य माझ्यापाशी होतं, आणि मी ते बारा वर्षं धरून ठेवलं.